यंत्र कामावर, ट्रॅकर गप्प : वारंवार ‘ऑफलाइन’ दिसणाऱ्या बांधकाम यंत्रांची तपासणी

लक्षणे

नकाशावर पोकलेन ‘ऑफलाइन’ दिसते, शेवटची नोंद सहा तासांपूर्वीची असते आणि साइटवरचा माणूस फोनवर शपथेवर सांगतो की यंत्र सकाळपासून खोदकाम करीत आहे. तक्रारीचे हे सर्वांत नेहमीचे रूप आहे. डंपर, रोलर, पोकलेन, मिक्सर आणि जनरेटर अशा मिश्र ताफ्याचे ट्रॅकर (यंत्र कोठे आहे आणि चालू आहे का, हे सर्व्हरला कळवणारी छोटी उपकरणे) सांभाळताना हाच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तक्रार ऐकताना आधी त्याचे उपप्रकार वेगळे करतो. ते पुढीलप्रमाणे आहेत :

- ट्रॅकर रोज साधारण एकाच वेळी गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झाल्यावर पुन्हा बोलू लागतो.
- तासभर नोंदी येत नाहीत, मग मधल्या सगळ्या नोंदी एकदम येऊन पडतात.
- नोंदी वेळेवर येतात, पण यंत्र नकाशावर एकाच जागी खिळलेले दिसते किंवा उभ्या जागी उड्या मारते.
- दिवसातून अनेकदा वीज तुटल्याची सूचना येते आणि मिनिटभरात वीज परतल्याचीही येते.
- ट्रॅकरने मोजलेले इंजिनचे तास आणि यंत्राच्या आवरमीटरवरचे तास जुळत नाहीत.
- नोंदींवरची तारीख एकाएकी जवळजवळ वीस वर्षे मागे गेलेली दिसते.

यांपैकी कोणते लक्षण दिसते, हे नीट लिहून घेतल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ नये. ‘ट्रॅकर बंद आहे’ एवढ्या वाक्यावर साइट गाठून, पॅनेल खोलून, काहीही न सापडल्यामुळे रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव मला सुरुवातीच्या काळात पुरेसा मिळाला.

पहिली तपासणी : गप्प होण्याचे वेळापत्रक

ट्रॅकरचे काम तीन गोष्टींवर चालते आणि त्या तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्रपणे तुटू शकतात. उपकरणाला वीज मिळाली पाहिजे, उपग्रहांचे संकेत ऐकून त्याला स्वतःचे स्थान काढता आले पाहिजे आणि काढलेले स्थान मोबाइलच्या जाळ्यातून सर्व्हरकडे पाठवता आले पाहिजे. उपग्रहाशी ट्रॅकर काहीही बोलत नाही, तो फक्त ऐकतो. त्यामुळे ‘उपग्रह मिळत नाही म्हणून ऑफलाइन’ हे निदान मुळातच चुकीचे असते. उपग्रह मिळाले नाहीत तर यंत्र जुन्या जागी खिळलेले दिसते, पण सर्व्हरशी त्याचे बोलणे चालूच राहते.

म्हणून प्रथम कार्यालयात बसून मागच्या सात दिवसांच्या कच्च्या नोंदी उघडाव्यात. बहुतेक प्रणालींत प्रत्येक नोंदीला दोन वेळा जोडलेल्या असतात : उपकरणाने नोंद केली ती वेळ आणि सर्व्हरला ती मिळाली ती वेळ. या दोन वेळांतील अंतर फार बोलके असते. नोंद केल्याची वेळ सलग आहे, पण मिळाल्याची वेळ तासाभराने उशिराची आहे, असे दिसले तर उपकरण पूर्णवेळ जागे होते, त्याने नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवल्या आणि जाळे मिळताच पाठवल्या, असा त्याचा अर्थ होतो. तेथे वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही. दोन्ही वेळांत खंड असेल तर वीज गेली होती किंवा उपकरण झोपले होते. दोन्ही वेळा सलग असून अक्षांश-रेखांश मात्र तसूभरही हलले नसतील तर संशय अँटेनावर जातो.

याच नोंदींत व्होल्टेजचाही स्तंभ असतो आणि तो सहसा कोणी पाहत नाही. गप्प होण्यापूर्वीच्या शेवटच्या दहा नोंदींत व्होल्टेज हळूहळू उतरत गेले असेल तर यंत्राची बॅटरी दोषी असते. ते व्यवस्थित असताना एकाएकी शून्यावर आले असेल तर कुठेतरी स्विच, फ्यूज किंवा तार तुटलेली असते.

या टप्प्यावर एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. ट्रॅकर गप्प झाला की ‘ऑपरेटरने तार काढली’ हा आरोप सर्वांत आधी केला जातो. तार मुद्दाम काढल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, नाही असे नाही. पण कंपनांनी सैल झालेली जोडणी, संपलेला डेटा पॅक आणि शिफ्ट संपताना नियमाप्रमाणे बंद केलेला बॅटरीचा स्विच ही कारणे मला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळली आहेत. वेळापत्रक पाहण्यापूर्वी माणसावर बोट ठेवले तर पुढच्या तपासणीत ज्याची सर्वांत जास्त मदत होऊ शकते, तोच माणूस तोंड मिटून बसतो.

दुसरी तपासणी : बॅटरीचा मुख्य स्विच

रोज संध्याकाळी गप्प आणि सकाळी चालू, हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा शोध येथेच संपतो. अवजड यंत्रांवर बॅटरी तोडणारा मुख्य स्विच असतो आणि काम संपल्यावर तो बंद करण्याची सूचना अनेक यंत्रांच्या पुस्तिकेतच दिलेली असते. ट्रॅकरची तार त्या स्विचच्या पुढच्या बाजूस जोडलेली असेल तर स्विच बंद होताच ट्रॅकरची बाहेरची वीज जाते. आतली छोटी बॅटरी काही तास तग धरते आणि मग पडदा काळा होतो. वीज तुटल्याच्या सूचनेची वेळ आणि शिफ्ट संपण्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली तर यंत्र न पाहताही हे कळते.

ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण येथे काहीही बिघडलेले नसते आणि तरीही लोक उपकरणे बदलत राहतात. उपाय दोन आहेत. यंत्र कुंपणाच्या आत, पहारा असलेल्या जागी उभे राहत असेल तर ऑफलाइनच्या सूचनेची मर्यादा रात्रीच्या खंडापेक्षा मोठी ठेवावी आणि बाकी काही करू नये. रात्री चोरीचा धोका असेल तर ट्रॅकरला थेट बॅटरीकडून, स्वतंत्र फ्यूजमधून वीज द्यावी लागते. मात्र हा दुसरा उपाय दिसतो तितका सोपा नाही. पुष्कळ यंत्रांत मुख्य स्विच ऋण बाजूच्या केबलवर असतो. अशा यंत्रात ट्रॅकरची ऋण तार बॅटरीच्या टोकाला जोडली आणि त्याच ट्रॅकरचा किंवा अँटेनाचा धातूचा भाग चॅसिसला टेकत राहिला, तर स्विच बंद असतानाही त्या बारीक तारेतून परतीचा मार्ग तयार होतो. कोणी चावी फिरवली की मोठा प्रवाह त्या तारेवर येतो आणि ती जळते. म्हणून स्विच कोणत्या बाजूला आहे हे ठामपणे माहीत नसेल, तर ही जोडणी स्वतः बदलू नये. ते ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम आहे.

थेट बॅटरीवर जोडलेला ट्रॅकर झोपेत फार थोडी वीज खातो, तरी महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या यंत्राची बॅटरी तो उतरवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी तपासणी : सिम, पॅक आणि जाळे

नोंदी उशिराने एकदम येत असतील किंवा एकाच दिवसापासून अनेक ट्रॅकर गप्प झाले असतील तर सिमकडे पाहावे. अनेक उपकरणे एकाच वेळी गेली की दोष जवळजवळ कधीच यंत्रात नसतो. पॅकची मुदत एकाच तारखेला संपलेली असते किंवा सर्व्हरचा पत्ता बदललेला असतो. सिम पुरवणाऱ्याच्या पोर्टलवर शेवटच्या डेटा वापराची तारीख दिसते. ती कालची असेल तर सिम जिवंत आहे. महिन्यापूर्वीची असेल तर आधी पॅक आणि नंतर उपकरणातील एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा जाळ्यात शिरण्याचे नाव) तपासावे, कारण सिम बदलल्यावर एपीएन बदलायचे राहून जाणे ही फार साधी आणि फार नेहमीची चूक आहे.

जुनी उपकरणे असतील तर ती कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालतात हेही पाहावे. जगभर अनेक ठिकाणी टू-जी आणि थ्री-जी जाळी टप्प्याटप्प्याने बंद होत आली आहेत. अशा ठिकाणी ट्रॅकर आधी काही साइटवर आणि मग सगळीकडे गप्प होतो. त्यावर दुरुस्ती नाही. नवीन मोडेमचे (मोबाइल जाळ्याशी बोलणाऱ्या भागाचे) उपकरण घ्यावे लागते.

जागेचाही विचार करावा. खोल पायाच्या खड्ड्यात, तळघरात किंवा बोगद्यात काम करणारे यंत्र दिवसभर दिसले नाही तर तो दोष नव्हे. यंत्राशेजारी उभे राहून त्याच कंपनीच्या सिमवर फोनमध्ये डेटा चालतो का हे पाहणे, याला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. फक्त ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून नव्हे, यंत्र जेथे असते तेथे उतरून, यंत्र थांबवलेले असताना आणि ऑपरेटरला सांगून करावे.

एवढ्यानेही सुटले नाही तर सिम काढून, त्याचे सोनेरी संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बसवावे. रोलर आणि ब्रेकर लावलेल्या पोकलेनमध्ये कंपनांमुळे सिम ट्रेमध्ये सरकते. ट्रे झाकणाने घट्ट दाबली जात नसेल तर हा दोष पुन्हा येणार हे धरून चालावे.

चौथी तपासणी : अँटेनाला आकाश दिसते का

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संकेत अतिशय क्षीण झालेला असतो. उंचीसह स्थान काढण्यासाठी एका वेळी किमान ४ उपग्रहांचे संकेत लागतात. प्लास्टिक किंवा फायबरच्या झाकणातून ते आत येतात, लोखंडी पत्र्यातून येत नाहीत. त्यामुळे ट्रॅकर पत्र्याच्या पेटीत, काउंटरवेटला चिकटवून किंवा आसनाखाली उलटा बसवला असेल तर तो कधी चालतो आणि कधी नाही. जे काही मिळते ते आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले असते आणि म्हणूनच उभे यंत्र नकाशावर उड्या मारते.

यंत्र मोकळ्या जागी आणून, इंजिन बंद पण ट्रॅकर चालू ठेवून १५ मिनिटे थांबावे. उपकरण बराच काळ बंद असेल तर उपग्रहांची कक्षाविषयक माहिती त्याला नव्याने घ्यावी लागते. ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते, पण संकेत मध्येच तुटत असेल तर एवढे साधे कामही लांबत जाते. मोकळ्या जागी स्थान मिळते आणि नेहमीच्या जागी मिळत नाही, असे दिसले तर उपकरण ठीक आहे, त्याची जागा चुकलेली आहे. खूण केलेली बाजू आकाशाकडे करून ते कॅबिनच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली हलवावे. ट्रॅकरला दिसू न देण्याच्या नादात त्याला आंधळे करून ठेवण्याची चूक बसवणारे लोक नेहमी करतात.

नकाशावर आखलेले आभासी कुंपण यंत्राने ओलांडल्याच्या खोट्या सूचनांचे मूळही येथेच असते. हे कुंपण यंत्र उभे राहण्याच्या जागेला अगदी चिकटून आखले असेल तर काही मीटरच्या नैसर्गिक चुकीनेही रात्री दोन वाजता सूचना येते. कुंपण थोडे बाहेर सरकवावे आणि एका नोंदीवर नव्हे, तर सलग तीन-चार नोंदींवर सूचना द्यावी.

तारीख वीस वर्षे मागे जाण्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२३ पर्यंत होते आणि मग शून्यापासून सुरू होते. मोजणी अशी शून्यावर परतण्याचा प्रकार यापूर्वी ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९ रोजी झाला; पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. काही रिसीव्हरमध्ये हे १,०२४ आठवडे त्यांच्या फर्मवेअरच्या (उपकरणातील कायमच्या प्रणालीच्या) तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे दोष अधल्यामधल्या कोणत्याही दिवशी उगवू शकतो. उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करणे हाच उपाय. ते उपलब्ध नसेल तर उपकरण बदलावे.

पाचवी तपासणी : फ्यूज, व्होल्टेज आणि ऋण जोडणी

येथून पुढे हातात मल्टिमीटर लागतो. यंत्र सपाट जागी उभे करावे, बूम आणि बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवावी आणि ऑपरेटरला तसे सांगावे. दुसऱ्या कोणी चावी फिरवल्याने झालेले अपघात या धंद्यात सर्वांना माहीत आहेत.

प्रथम ट्रॅकरचा फ्यूज पाहावा. तो साधारणपणे २ किंवा ३ अँपिअरचा असतो. पातीच्या फ्यूजमध्ये २ चा रंग करडा आणि ३ चा जांभळा असतो. तेथे १५ अँपिअरचा निळा फ्यूज सापडला तर पूर्वी कोणीतरी दोष शोधण्याऐवजी फ्यूज वाढवून घेतला आहे, असे समजावे. फ्यूज हा उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो मुख्यतः तारेला वाचवतो. त्यामुळे मोठा फ्यूज टाकल्यावर पुढच्या वेळी तारच जळते.

मग बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. विश्रांतीत असलेली, पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, २४ व्होल्टची जोडी सुमारे २५.२. इंजिन चालू असताना हे आकडे अनुक्रमे साधारण १४ आणि २८ च्या आसपास गेले पाहिजेत. तसे होत नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) भरत नाही, आणि ट्रॅकरची तक्रार हे त्या मोठ्या दोषाचे पहिले लक्षण आहे. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टच्या यंत्रात व्होल्टेज ९ च्या आसपास येणे सामान्य असते. त्याखाली गेले तर ट्रॅकर प्रत्येक स्टार्टला पुन्हा सुरू होतो आणि तीच ती मिनिटभराच्या वीजतुटीची सूचना असते.

सगळे आकडे बरोबर असूनही ट्रॅकर मधूनच पुन्हा सुरू होत असेल तर ऋण जोडणी पाहावी. या दोषाने मला सर्वांत जास्त छळले आहे. रंग दिलेल्या चॅसिसवर नुसती रिंग दाबून केलेली जोडणी मीटरवर उत्तम दिसते, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही. टू-जी जाळ्यावर माहिती पाठवताना मोडेम मात्र क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. बॅटरीच्या बाजूला तो कमी असला तरी खराब जोडणीवर व्होल्टेज कोसळायला पुरेसा ठरतो. म्हणजे ट्रॅकर शांत असताना ठीक आणि बोलायला गेला की बंद, असा प्रकार होतो. रिंग काढावी, खालचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून घट्ट करावे आणि वर ग्रीस लावावे. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडण्या दिसतील तेथे त्या कापून क्रिंप कराव्यात, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून जोडाव्यात. कंपने आणि धूळ यांपुढे चिकटपट्टी एका हंगामापेक्षा जास्त टिकत नाही.

वेल्डिंगबद्दल येथेच लिहितो. बकेटला किंवा चॅसिसला वेल्डिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ट्रॅकर मेला, अशी तक्रार असेल तर बहुधा तो खरोखर मेला आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ट्रॅकर दोन्ही सोडवून ठेवावेत. ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडला असेल तर नुसता मुख्य स्विच बंद करून भागत नाही, त्याचा फ्यूजही काढावा लागतो.

सहावी तपासणी : तास का जुळत नाहीत

इंजिन चालू आहे हे ट्रॅकर कशावरून ठरवतो, हा प्रश्न आधी विचारावा. इग्निशनच्या तारेवरून ठरवत असेल तर रेडिओ ऐकण्यासाठी चावी चालू ठेवून बसल्यासही तास मोजले जातात. व्होल्टेजवरून ठरवत असेल तर उंबरठा पाहावा : १२ व्होल्टच्या यंत्रासाठी ठेवलेला १३.२ चा उंबरठा २४ व्होल्टच्या डंपरमध्ये तसाच राहिला तर तो डंपर चोवीस तास चालू दिसतो. कंपनांवरून ठरवत असेल तर शेजारी रोलर चालल्यानेही उभे यंत्र कामावर लागते, आणि ट्रेलरवर चढवून नेताना तर हमखास लागते. अल्टरनेटर भरत असल्याचा संकेत किंवा तेलदाबाचा स्विच हे माझ्या मते अधिक विश्वासार्ह आधार आहेत, पण त्या तारा ओळखता येत नसतील तर चाचणी म्हणून दिसेल त्या तारेला टोचून पाहू नये.

फरक रोज सारखाच असेल आणि एका दिवसाचे तास दुसऱ्या दिवशी पडत असतील तर वायरिंग सोडून खात्यातील वेळक्षेत्र पाहावे.

कोठे थांबावे

पुढील परिस्थितीत पान्हा खाली ठेवावा आणि जाणकाराला बोलवावे. एकदा बदललेला फ्यूज लगेच पुन्हा उडाला, तारेचे आवरण वितळलेले दिसले किंवा जळका वास आला, तर ऑटो इलेक्ट्रिशियनशिवाय वीज परत जोडू नये. ट्रॅकरची आतली लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नये, भोसकू नये, भारित करू नये. विक्रेत्याच्या ताब्यात द्यावी. यंत्र विजेवर किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी केबलच्या आसपास काहीही उघडू नये. इंजिन दूरून बंद करणारा रिले जोडलेला असेल तर त्याच्याशी स्वतः खेळू नये, कारण चढावर किंवा भार उचललेला असताना इंजिन बंद पडले तर त्याची किंमत ट्रॅकरपुरती राहत नाही.

कॅन बस, म्हणजे यंत्रातील नियंत्रकांना आपापसात माहिती देणारे तारांचे जाळे, हीही याच यादीत येते. बहुतेक आधुनिक अवजड यंत्रांत ‘जे १९३९’ (J1939) या मानकाच्या दोन पिळलेल्या तारांवरून इंजिनचे तास, वेग आणि इंधनाची माहिती फिरते. यंत्र बंद असताना त्या दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम रोध मिळायला हवा, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. ही मोजणी जाणकाराने करावी. ट्रॅकर जोडल्यापासून डॅशबोर्डवर असंबद्ध दोष दिसू लागले तर ट्रॅकरचा प्लग काढावा आणि यंत्राच्या अधिकृत सेवा केंद्राला कळवावे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर तारेला छेद देण्यापूर्वीच विचारावे. तार न कापता वरून बसवायचे संपर्करहित वाचक मिळतात आणि निर्मात्याची स्वतःची टेलिमॅटिक्स (यंत्राची माहिती दूरून पाठवणारी प्रणाली) असेल तर आयएसओ १५१४३-३ या मानकाने तीच माहिती थेट आपल्या प्रणालीत घेता येते का, हेही पाहता येते.

जाणकाराला बोलावताना सात दिवसांच्या नोंदी, दोन्ही वेळांसह, आणि आपण मोजलेले व्होल्टेज कागदावर द्यावे. दुरुस्ती झाल्यावर लगेच ‘ऑनलाइन’ दिसले म्हणून तक्रार बंद करू नये. एक रात्र मुख्य स्विच बंद राहून जाऊ द्यावी, सकाळचा एक थंड स्टार्ट होऊ द्यावा, यंत्र त्याच्या नेहमीच्या खड्ड्यात दिवसभर चालू द्यावे आणि मग तेच दोन स्तंभ पुन्हा उघडून पाहावेत.